पान्यावर जगलेली पद्मिनी

१५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. दीड महिना झाला आणि ३० ऑक्टोबरपासून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनीही टॅक्सी म्हणून बंद झाली. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी तारदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचं आयुष्य. ते तिनं पुरेपूर भोगलं, आणि तेही कारखाना बंद पडल्यावर! तिच्यानंतर एकही नवी पद्मिनी आली नाही, तरी ती वीस वर्षं पाऊस, खड्डे आणि दोन-दोन पाळ्या झेलत राहिली. हे जमलं ते पान्याच्या जोरावर. पद्मिनीइतकी गल्लीत दुरुस्त होणारी गाडी या शहराला पुन्हा मिळालेली नाही, आणि ज्या थोड्या उरल्यात त्या चालू राहायला हव्यात.

सोलापूरचा माणूस, कुर्ल्याची गाडी

वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जहाजं, विमानं, साखर असं सगळं करून झालं तरी मोटार राहिली होती. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. सुरुवात अमेरिकन क्रायस्लरच्या परवान्यावर झाली, फियाटशी करार नंतरचा. मराठी माणसाची ‘डुक्कर फियाट’ याच घराण्यातली. १९६४ ला ‘फियाट ११०० डिलाइट’ आली, १९७२ ला तिची ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ ला ‘पद्मिनी’.

नाव दोनदा बदललं, गाडी मुळात तीच राहिली. मिस्त्रीला हेच हवं होतं. एका पद्मिनीचा दरवाजा दहा वर्षं जुन्या दुसरीला बसायचा. इटलीत ही गाडी साठच्या दशकातच मागे पडली, आपल्याकडे ती नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली.

कोलकात्याला अँबॅसेडर आणि मुंबईला फियाट असं का? कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, इथे कुर्ल्याला प्रीमियर. ज्या शहराच्या दाराशी जो कारखाना, त्याचीच टॅक्सी. शिवाय गिरगावातल्या बोळांत अँबॅसेडरपेक्षा फियाट सहज वळते. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या वर पद्मिनी टॅक्सी होत्या.

बॉनेट उघडल्यावर

चार सिलिंडर, १०८९ सीसी, चाळीसेक अश्वशक्ती, वजन नऊशे किलोच्या आत. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना कोपरापर्यंत हात जाईल एवढी जागा. रिंग पान्यांचा एक सेट, पकड, स्क्रू-ड्रायव्हर आणि फीलर गेज एवढ्या ऐवजावर निम्मी दुखणी जागेवर बरी व्हायची. बॅटरी उतरली? चावी फिरवा, दुसरा गिअर टाका, दोन माणसं मागे लावा, धक्का द्या आणि क्लच सोडा.

गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. त्यामुळे पुढची सीट एकसंध बाकासारखी, आणि रात्री ड्रायव्हरला आडवं व्हायला तीच पलंग. गावाहून आलेल्या कित्येकांचं मुंबईतलं पहिलं घर ही टॅक्सीच होती. पण या दांड्याची किंमत मोजावी लागते. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे आहेत, सांध्यांत छोटे बुश आहेत. बुश झिजले की गिअर दोहोंच्या मधेच अडकतो. सिग्नलला टॅक्सी थांबलेली, बॉनेट वर, ड्रायव्हर आत हात घालून सळी हलवतोय, हे दृश्य चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मुंबईकरानं पाहिलेलं आहे. उपाय साधा आणि स्वस्त: बुश बदला, ग्रीस भरा. जुनी पद्मिनी घेणाऱ्यानं आधी हेच तपासावं.

तिचा खरा नाजूक भाग म्हणजे हेड. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. दोन्ही धातू उष्णतेनं सारखे फुगत नाहीत. रेडिएटर चोंदला, पाणी कमी झालं, तरी गाडी तशीच दामटली, की हेड वाकडं होतं आणि गॅस्केट उडतं. मग पाणी तेलात शिरतं. डिपस्टिक काढून पाहिली की तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. हा रंग दिसला की इंजिन पुन्हा सुरू करू नये. हेड उतरवायचं, लेथवाल्याकडे नेऊन त्याचा तळ सपाट करून घ्यायचा आणि नव्या गॅस्केटवर बसवायचं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं आवळायचे. एका टोकापासून आवळत गेलं की हेड पुन्हा वाकडं.

लेथवाला शोधायला या भागात कधी लांब जावं लागलं नाही. परळ-लालबाग हा गिरण्यांचा आणि रेल्वेचा मुलूख. परळचं रेल्वे वर्कशॉप १८७९ पासूनचं. फिटर-टर्नर इथल्या चाळींतून निघायचे. सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या आसपासच्या दुकानांत, तिथे नाही मिळाले तर चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात. पद्मिनीचं आयुष्य कारखान्यानं ठरवलं नाही, या पट्ट्यानं ठरवलं.

घाटात ओलं फडकं

उन्हाळा, चार माणसं, वर कॅरिअरवर सामान आणि खंडाळ्याचा चढ. गाडी धापा टाकते आणि बंद पडते. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी बंद! इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप तापतो, नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि दहा-पंधरा मिनिटं दृश्य बघायचं. बाष्प विरतं, गाडी निघते. याच बोर घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम वालचंद हिराचंद यांच्या कंपनीनं केलं होतं. डोंगर फोडणाऱ्या माणसाच्या कंपनीची गाडी त्याच डोंगरावर फडकं बांधून उभी राहायची.

हिंदमाताचा पेपर

दादर-परळच्या मधे हिंदमाता. जुलैचा जोरदार पाऊस आणि भरती एकत्र आली की तिथे पाणी ठरलेलं. पद्मिनीची तिथे परीक्षा व्हायची, कारण डिस्ट्रिब्यूटरवर पाणी उडालं की ठिणगी भलतीकडे जाते आणि इंजिन मरतं. कॅप काढा, आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा, प्लगच्या वायरी पुसा, पुन्हा लावा. बहुतेकदा गाडी सुरू होते. पण कार्ब्युरेटरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर चुकूनही स्टार्टर मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच खोलायला लागतं. पाण्यातून जाताना पहिला गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर, मधे थांबायचं नाही.

आणि पाण्यातून बाहेर आल्यावर? चारही चाकांना ड्रम ब्रेक. ओले झाले की पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही. थोडं अंतर हळू चालवत ब्रेक हलका दाबून धरायचा, लायनर घासून तापतात आणि सुकतात. ब्रेक लागतोय याची खात्री झाल्याशिवाय वेग वाढवायचा नाही. ज्यांच्या घरी आज ड्रम ब्रेकची कुठलीही गाडी किंवा स्कूटर आहे, त्यांनाही हे लागू.

शिसं गेलं, गॅस आला

पद्मिनीचं इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं. ते शिसं हवेला घातक, पण व्हॉल्व्ह जिथे बसतो त्या कडेला वंगणासारखं सांभाळायचं. २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजी घ्यावा लागला. शहराची हवा सुधारायला हे हवंच होतं. इंजिनाला मात्र दुहेरी फटका: शिसं नाही, आणि गॅस कोरडा, त्याला पेट्रोलसारखा ओलावा नाही. व्हॉल्व्ह सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. म्हणून गॅसवरच्या पद्मिनीचे टॅपेट वरचेवर सेट करावे लागत. टॅपेटचा खडखड आवाज येतो म्हणून घाबरणारे लोक भेटतात. आवाज आहे तोवर फट आहे. जुन्या गॅसच्या गाडीत आवाज अचानक गप्प झाला की चिंता करावी.

गॅसची टाकी डिकीत गेली आणि बॅगा टपावर चढल्या. टाकीत दोनशे बारच्या आसपास दाब, म्हणून दर तीन वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाखाली चाचणी सक्तीची. जुनी गॅसची गाडी घेणाऱ्यानं इंजिनाच्या आधी हा दाखला मागावा.

बाहेरचं मीटर, आतलं छत

पद्मिनीचं लोखंडी मीटर बाहेर, डाव्या हाताला बॉनेटच्या बाजूला. वीज लागायची नाही. चाकाच्या फिरण्यातून केबल फिरायची आणि आत दातेरी चक्रं. भाडं वाढलं की मीटर न बदलता दरपत्रक बदलायचं. २०१२-१३ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर डॅशबोर्डवर आलं.

गाद्या आणि छताचं कापड हा ड्रायव्हरच्या हौसेचा मामला. २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ उपक्रमात तरुण डिझायनरांनी टॅक्सींची छतं आणि सीटा चित्रांनी भरून टाकल्या. ‘टॅक्सी नंबर ९२११’ चित्रपटात नाना पाटेकरांनी चालवली तीही हीच गाडी.

पत्रा सांभाळा, बाकी सगळं मिळतं

इंजिन पुन्हा बांधता येतं. सिलिंडर रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात, क्रँक घासता येतो, मागचे पाटे बदलता येतात. पण पद्मिनीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. जमिनीचा पत्रा, दाराखालची पट्टी, पाट्यांची टोकं जिथे बसतात ती जागा, हे गंजलं की गाडीचा कणाच गंजला. आणि मुंबईची खारी हवा वर्षाचे बारा महिने हेच काम करते.

इथे मी ठाम आहे: लांबी भरून रंग मारलेली चकचकीत पद्मिनी घेण्यापेक्षा रंग उडालेली, पण तळ धड असलेली घ्यावी. मॅट उचलून पाहा. खालून बोटानं ठोकून पाहा. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात, ती माती-कचऱ्यानं बुजतात आणि दार आतून कुजतं. पावसाळ्याआधी एक तार घालून भोकं मोकळी करायची, बस्स. गंजलेला तुकडा कापून काढून नवा पत्रा वेल्ड करणारा चांगला डेंटर मिळाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका. त्याचं काम कुठल्याही इंजिन-मिस्त्रीच्या कामापेक्षा अवघड आहे.

गाडी महिनोन्महिने झाकून ठेवणं हे तिच्यासाठी सगळ्यात वाईट. प्लॅस्टिकच्या कव्हरखाली दमट हवा कोंडते, पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरची छिद्रं बुजवतो, ब्रेकची रबरं आखडतात, टायर एका जागी चपटे होतात. आठवड्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी फिरवून आणावी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही छान दिसो, टायर फार जुना असेल तर तो बदलाच.

टॅक्सी संपली, पण खासगी पद्मिनीवर बंदी आलेली नाही. पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. त्यापलीकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनी आणखी एक दार उघडलं. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली बिगर-व्यावसायिक गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोज कामाला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढायची.

१९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. टॅक्सीमेन्स युनियननं एक तरी पद्मिनी जतन करा अशी मागणी केली, ती रास्तच आहे. पण संग्रहालयातल्या एका गाडीपेक्षा चालत्या दहा गाड्या जास्त मोलाच्या. तुमच्या वाडीत, सोसायटीच्या मागच्या अंगणात, काकांच्या गॅरेजमध्ये एखादी पद्मिनी धूळ खात असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचं आरसी बुक शोधा, मॅट उचलून तळाचा पत्रा बघा, आणि जवळच्या जुन्या मिस्त्रीला एकदा बोलावून आणा. पद्मिनी खोलून बांधता येणारी माणसं अजून आहेत. त्यांचे हात थकायच्या आत हे काम करून घ्या.