घरातली शाळा

शाळा म्हणजे चार भिंती आणि फळा, असे आपण समजतो. पण जळगावजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) शाळेत गेल्याच नाहीत. जात्यावर, शेतात त्यांना गाणी सुचत. मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ यांनी ती उतरवून घेतली, म्हणूनच १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली.

माझी आजीही निरक्षर. बियाण्यासाठी शेंगा फोडताना ती आम्हां भावंडांना कोडी घाली, पावकी-दिडकी म्हणवून घेई. चुकेल त्याने टरफले झाडायची! माझे पाढे तिथेच पक्के झाले. आज आजी नाही. कोडी चारच आठवतात. आम्ही सारे शिकलेले, पण वही कोणी काढली नाही. मित्रहो, सुट्टीत घरी जाल तेव्हा तुम्ही तरी काढा.