पापुआ न्यू गिनीची मधली पायरी

रग्बी लीग हा १३ खेळाडूंचा रग्बीप्रकार असून त्यात चेंडू बाळगणाऱ्या संघाला सहा वेळा अडवले गेले की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. आयर्लंड, इटली यांसारखे देश विश्वचषकासाठी प्रामुख्याने आजी-आजोबांच्या नात्यावरून पात्र ठरणारे, परंतु परदेशात वाढलेले खेळाडू निवडतात. त्यामुळे संघ उभा राहतो खरा, पण खेळ त्या मातीत रुजतोच असे नाही. पापुआ न्यू गिनीची अडचण नेमकी उलटी होती, कारण तेथे हा राष्ट्रीय खेळ मानला जातो आणि गावोगावी मुले तो खेळतात, मात्र स्थानिक स्पर्धा व ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक लीग यांच्यामधील पायरीच नव्हती. २०१४ साली ‘हंटर्स’ हा देशी खेळाडूंचा संघ ऑस्ट्रेलियातील दुय्यम दर्जाच्या क्वीन्सलँड कपमध्ये उतरला आणि २०१७ मध्ये त्याने ती स्पर्धा जिंकली. डोंगराळ सिंबू प्रांतातला, लाए येथे उपयोजित भौतिकशास्त्र शिकलेला जस्टिन ओलाम विद्यापीठाच्या मैदानावरून हंटर्समध्ये आणि तेथून ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च लीगमधील मेलबर्न स्टॉर्म या संघात गेला व त्या लीगच्या २०२० च्या विजेत्या संघात खेळला. नियमित स्पर्धा मिळाली की गुणवत्ता किती दूर जाते, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल. २०२८ पासून राजधानी पोर्ट मोर्सबीचा संघ थेट याच सर्वोच्च लीगमध्ये उतरणार असून त्यासाठी करमुक्त वेतनाचे आकर्षण देऊन परदेशी नामवंतांना बोलावले जात आहे, तेव्हा त्यांच्या शेजारी सिंबूसारख्या प्रांतांतील किती मुलांना जागा मिळते, हाच या योजनेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.