माळावरच्या गोगलगायी काय सांगतात?

पावसाळ्यात पाड्याचा माळ पाहायला गेलो की मी गवताच्या बुडाशी गोगलगायी शोधतो. चाऱ्याचा माळ बरा आहे की थकला आहे, हे त्यांच्यावरून कळतं.

गोगलगायीचा शंख चुन्याचा. तो चुना तिला माती आणि पाल्यातून मिळवावा लागतो. जव्हार-मोखाड्याकडचा मुसळधार पाऊस उघड्या उतारावरच्या मातीतला चुना धुऊन नेतो. तिथे गोगलगायी थोड्याच सापडतात. जिथे झाडं शिल्लक आहेत, तिथे खोल मुळं खालचा चुना वर ओढतात; पानं गळून कुजली की तो वरच्या मातीला परत मिळतो.

ओलही हवी. उंच गवताखाली गारवा टिकतो, म्हणून तिथे निरनिराळ्या जाती नांदतात. गुरांनी पार खुरटलेल्या माळावर ऊन सोसणाऱ्या मोजक्याच उरतात. शंखाचं तोंड बंद करून पाल्याखाली उन्हाळा काढणाऱ्या गोगलगायी वणव्यात जळतात.

त्या गेल्या तर काय बिघडतं? नेदरलँड्समधल्या जंगलांचा एक अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. तिथे आम्लवर्षावाने मातीतला चुना घटला, गोगलगायी कमी झाल्या आणि त्यांच्या शंखांतून चुना मिळवणाऱ्या लहान पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली.

आमच्या माळावर शेळ्या चरतात, आणि शेळ्यांवर घरं चालतात. म्हणून यंदा पाड्यावरच्या मंडळींनी माळाचा एक पट्टा न चारता राखायचं ठरवलं आहे. त्याभोवतीच्या जाळरेषेसाठी आपली साथ हवी आहे.