काळीच्या धारेत प्रथम उतरणाऱ्यांसाठी

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात कुळगी हे रानाच्या कुशीतील गाव आहे. तेथे वनखात्याचे निसर्ग शिबिर असल्यामुळे सुटीच्या दिवसांत गोव्यातून, बेळगावाकडून आणि महाराष्ट्रातूनही तरुण मंडळी व सहकुटुंब प्रवासी मुक्कामास येतात. रान पाहून झाले की त्यांपैकी पुष्कळांची पावले गणेशगुडीकडे वळतात. कारण तेथे काळी नदीच्या खळाळत्या पाण्यातून रबरी तराफ्यात बसून जाण्याचा खेळ चालतो. आपल्या मुलामुलींनीही तेथे जाण्याचा हट्ट धरला तर तो सरसकट मोडून काढू नये, परंतु त्यांस अजाण स्थितीत पाठवूही नये.

काळी नदी जोयडा तालुक्यातच डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारपाशी अरबी समुद्रास मिळते. गणेशगुडी येथे तिच्यावर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण आहे. धरणाच्या पायथ्याशी वीज निर्माण करण्यासाठी जसे पाणी सोडले जाते, तशी खालची धार वाढते वा ओसरते. म्हणून सकाळी उघडा दिसलेला खडक दुपारी पाण्याखाली असू शकतो. आभाळ निरभ्र आहे, पाऊस नाही, तेव्हा नदी वाढणार नाही, हा गावच्या ओढ्यावरून बांधलेला अंदाज येथे घातक ठरतो.

खळाळांची अवघडता जगभर १ ते ६ अशा प्रतींनी मोजतात. काळीवरील नेहमीच्या वाटेतील खळाळ बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या प्रतीचे समजले जातात. म्हणजे नवशिक्यास ते झेपतात, पण जाणत्या वाटाड्याच्या सोबतीनेच. वाहत्या पाण्याचे बळ त्याच्या वेगाहून फार झपाट्याने वाढते. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. गुडघाभर पाण्यातही धडधाकट माणूस कोलमडतो, तो याच कारणाने.

आता साहित्याविषयी. लाईफ जॅकेट हे सर्वांत महत्त्वाचे. ते अंगावर असून भागत नाही, ते अंगास घट्ट बसले पाहिजे. सर्व पट्टे आवळल्यावर दुसऱ्याकडून जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर पाण्यातही सरकेल व तोंडावर येईल. असे जॅकेट बदलून घ्यावे. मुलांस मोठ्यांचे जॅकेट कदापि घालू नये. शिरस्त्राण कपाळ झाकणारे असावे व त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. पायांत चपला नकोत, कारण त्या पहिल्याच लाटेत वाहून जातात. पट्ट्याच्या सँडल किंवा कॅनव्हासचे बूट बरे. साडी, ओढणी व जाड जीनची विजार टाळून अंगासरशी बसणारे, लवकर वाळणारे कपडे घालावेत. चष्म्यास दोरी बांधावी. गळ्यातील साखळी, क्रूस अथवा रोझरी कोठेही अडकू शकते, म्हणून ती काठावर सांभाळून ठेवावी.

तराफ्यात बसताना पाय आतील फुगीर आडव्या भागाखाली रोवावेत, म्हणजे तोल राहतो. वल्ह्याच्या वरच्या टोकाची मूठ एका हाताने सदैव झाकलेली असावी. मोकळी सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते. वाटाड्याची आज्ञा होताच सर्वांनी एकदम वल्हे मारावे. खळाळ समोर आला की भिऊन हात आखडतात, पण वल्हे पाण्यात असण्यानेच माणूस स्थिर राहतो. तराफा खडकावर आदळला तर सर्वांनी खडकाकडील बाजूस झुकावे. मागे सरकल्यास प्रवाह त्यास उलटवितो.

गुलमर्गच्या बर्फावर फळीवरून घसरण्यास शिकणारा सर्वप्रथम पडावयास शिकतो. नदीतही मुख्य विद्या तीच आहे. पाण्यात पडताच पाय टेकून उभे राहण्याची ओढ होते, ती आवरावी. पाऊल दगडांच्या फटीत अडकले की मागून येणारा प्रवाह माणसास पुढे लोटून पाण्याखाली दाबतो, आणि मग पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. म्हणून उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटे पाण्यावर, गुडघे किंचित वाकलेले, आणि हातांनी दिशा राखावी. समोरचा खडक मग डोक्यास न लागता तळव्यांस लागतो. दोरी फेकली गेल्यास ती छातीशी दोन्ही हातांनी धरावी, मनगटास गुंडाळू नये. पाणी गुडघ्याखाली आल्यावाचून उभे राहू नये.

२०२२ च्या एप्रिल महिन्यात गणेशगुडीजवळ क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसविलेला एक तराफा प्रवाहात अडकून पडला होता. सुदैवाने त्यातील माणसे वाचली. तेव्हा किती माणसे बसवीत आहेत, हे आपणच मोजावे आणि गर्दी दिसताच उतरावयास लाजू नये. भरलेले पैसे बुडाले तर बुडोत. मद्य घेतलेल्याने, गरोदर स्त्रीने, फेफरे वा हृदयविकार असलेल्याने तराफ्यात पाऊल टाकू नये. दांडेलीकडील पात्रात मगरींचा वावर आहे. वाटाड्याने दाखविलेल्या जागेखेरीज कोठेही पोहावयास उतरू नये.

जाण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांस अंगणात उताणे निजवून पाय पुढे करावयाचा हा धडा एकदा गिरवून घ्यावा. पाण्यात विचार करण्यास वेळ नसतो. अंगास जी सवय असते तीच तेथे उपयोगी पडते.