जिलेबीचे भाऊबंद

केलगेरीच्या तळ्याकाठी गळ टाकून बसलेल्यांच्या बादलीत संध्याकाळी डोकावलं, तर एक राखाडी, काटेरी पाठीचा मासा बहुधा दिसतोच. आमच्या धारवाडकडे त्याला जिलेबी म्हणतात, उजनीच्या काठावर चिलापी, पुस्तकात तिलापिया. १९५२ साली तो श्रीलंकेतून भारतात आणला आणि मग तळी-धरणं व्यापत गेला. शेजारच्या मुलाने पहिलावहिला फिश टँक घेतला, तेव्हा मी त्याला ही बादली मुद्दाम दाखवली. त्याच्या टाकीतला ऑस्कर, पिवळाधमक मलावी आणि ऐटबाज एंजल, सगळे या जिलेबीचेच भाऊबंद. "काका, काहीतरीच सांगता," म्हणाला.

दुकानात त्याला सांगितलं होतं, 'सगळे सिक्लिडच आहेत, एकत्र राहतात.' सगळ्या गैरसमजांचं मूळ इथंच आहे. सिक्लिड हे एका माशाचं नाव नव्हे, कुळाचं आहे, आणि त्या कुळात सुमारे १,७०० जाती आहेत. ऑस्कर आणि एंजल दक्षिण अमेरिकेतल्या मऊ पाण्याच्या नद्यांतले, मलावी मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, जिथल्या पाण्याचा पीएच ७.७ ते ८.६. दुकानातले बरेचसे मासे चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी पैदास झालेले असतात, त्यामुळे पाण्यातला फरक ते थोडाफार सोसतात. तोंडाचा आकार, आतड्याची लांबी आणि स्वभाव मात्र पैदाशीची जागा बदलली म्हणून बदलत नाही. सोबती आणि खाणं ठरवायचं ते यावरूनच.

ऑस्करचं बघा. नोटेच्या रुंदीएवढा असतो तेव्हा घरी येतो आणि वर्षभरात फूटभर होऊ शकतो. त्याच्या तोंडात मावेल तो त्याचा सोबती नसतो, घास असतो. निऑन टेट्रा, गप्पी, कोवळे एंजल एकेक करून रात्रीत नाहीसे होतात आणि घरचे म्हणतात, उडी मारून बाहेर पडला असेल. मोठ्या झालेल्या एंजललासुद्धा निऑन टेट्रा चालतात, फक्त आपल्याला ते शोभेला म्हणून हवे असतात.

'टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो' हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता वाद घालत नाही, टेप काढतो. दोन फूट बाय एक बाय एक या टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टाकीत अडीचशे लिटर, आणि एका ऑस्करला ही दुसरी टाकी लागते. लहान टाकीत तो खुरटतो ते आपल्याच विष्ठेतून तयार होणाऱ्या विषारी द्रव्यांमुळे.

खाण्याच्या बाबतीत तर कहरच. 'सिक्लिड म्हणजे मांसाहारी, त्याला जिवंत मासे घाला.' अहो, रानातला ऑस्करसुद्धा बराचसा किडे, अळ्या, झिंगे यांवर जगतो. खाऊ म्हणून टाकलेल्या स्वस्त गोल्डफिशबरोबर रोग आणि परजीवी येतात, शिवाय त्यांच्या अंगात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. त्यापेक्षा चांगल्या प्रतीचे दाणे रोजचे, आणि सोललेली कोळंबी आठवड्यातून एकदोनदा, पुरे.

मलावीतल्या म्बूना गटाचं पोट ऑस्करच्या अगदी उलट. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणाऱ्या या माशांचं आतडं शरीराच्या लांबीच्या कित्येक पट असतं. त्यांना रोज ब्लडवर्म किंवा मटणाचं हृदय घातलं, की पोट फुगतं, खाणं तुटतं, विष्ठेचे पांढरे दोरे लोंबतात आणि मासा कोपऱ्यात जाऊन बसतो. याला मलावी ब्लोट म्हणतात. चुकीचा आहार, खराब पाणी आणि सततचा छळ, तिन्ही त्याला हातभार लावतात. त्यांना स्पिरुलिनाचे दाणे, उकडून साल काढलेला मटार, पालकाचं वाफवलेलं पान द्यावं. ऑस्कर आणि म्बूना एका टाकीत ठेवू नयेत याचं एक कारण हेच: एकाच टाकीत दोन वेगळी ताटं वाढता येत नाहीत.

आता एक उलटा गैरसमज. भांडणं नकोत म्हणून लोक म्बूना दोनच ठेवतात. मग दांडगा नर दुसऱ्याला मरेस्तोवर पळवतो. एका नरामागे तीन-चार माद्या, दगडांच्या भरपूर कपारी आणि थोडी दाटी असली की त्याचा राग वाटला जातो. अर्थात दाटीला जोरकस फिल्टर आणि दर आठवड्याला पाणी बदलणं आलंच. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी मोडून टाकावी. जुन्यांच्या हद्दी पुसल्या की नवा 'घुसखोर' ठरत नाही. एकसारख्या रंगाचे दोन नर मात्र टाळावेतच.

फ्लॉवरहॉर्न नावाचा सिक्लिड नशीब उघडतो म्हणे. तो मलेशियात माणसाने घडवलेला संकर आहे, आणि त्याला एकट्यालाच ठेवावं लागतं, एवढी वस्तुस्थिती. नशिबाचं तुम्ही बघा.

दुकानात सोबत 'साफसफाईला' म्हणून सकर मासा दिला जातो. तो काचेवरचं शेवाळ चाटतो खरा, पण टाकीतली घाण खात नाही, उलट भरपूर करतो, आणि दीड फुटांपर्यंत वाढतो. मग एका संध्याकाळी कुणीतरी पिशवी घेऊन तळ्यावर येतं. पुण्याचं काम समजून सोडलेल्या सकरमुळे उजनीसारख्या जलाशयात कोळ्यांची जाळी फाटतात.

आपल्याकडे देशी सिक्लिड मोजके तीनच. गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात तो, दक्षिण कन्नडच्या नद्यांतला त्याचा चुलतभाऊ, आणि बोटाएवढा नारिंगी क्रोमाइड. हा क्रोमाइड कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपतो आणि संधी मिळाली तर त्याचीच अंडीपिल्लं खातो. शेजारच्या मुलाला हे फार आवडलं. ऑस्कर त्याने अखेर मोठ्या टाकीत एकट्याला ठेवलाय. संध्याकाळी कॉलेजातून आला, की बूट काढायच्या आधी तो काचेला बोट लावतो आणि ऑस्कर तोंड वर करून कोळंबीची वाट बघतो.