गिटारची साधना : आधी पाठांतर, मग प्रतिभा

घरातील मुलाने वा मुलीने विजेवरची गिटार हाती घेतली, की वडील माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. या गोंगाटास संगीत कसे म्हणावयाचे? मैसूरच्या अग्रहारासारख्या जुन्या वस्तीत तर हा प्रश्न अधिकच स्वाभाविक वाटेल. कारण वीणा शेषण्णा (१८५२–१९२६) यांच्यासारखे थोर वैणिक याच नगरीच्या दरबारात होऊन गेले.

तथापि या दोन वाद्यांतील अंतर आपण समजतो तितके नाही. वीणेच्या चोवीस पडद्यांवर तार बाजूस ओढून वादक गमक काढतो. रॉक संगीतातील वादकही तार ओढूनच सूर चढवितो. गिटारच्या पट्टीला पुष्कळदा आपल्या पश्चिम घाटातील शिसवी लाकूड वापरतात. आणि रॉकच्या एकल वादनात वारंवार येणारे पाच स्वर कोणते? सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. आपला राग धानी आणि कर्नाटक संगीतातील शुद्ध धन्यासी यांचेही स्वर हेच!

हे वादन उत्स्फूर्त असते की आधी रचलेले? दोन्ही. १९७१ च्या ‘स्टेअरवे टु हेवन’साठी जिमी पेज यांनी उत्स्फूर्तपणे तीन वेळा वाजवून त्यांतील एक वादन निवडले. उलट १९७२ च्या ‘हायवे स्टार’मधील वादन रिची ब्लॅकमोर यांनी आधीच बांधून ठेवले होते आणि त्यात बाखच्या धाटणीची स्वरसंगती योजिली होती.

शिकणाऱ्याने कोणता क्रम धरावा? प्रथम ते वादन ऐकून तोंडाने गावे. जे गाता येत नाही ते बोटांतून शुद्ध उतरत नाही. मग एकेक तुकडा निम्म्या लयीत घटवावा. त्यानंतर पाहावे, की प्रत्येक तुकडा कोणत्या स्वरावर विसावतो आणि त्या क्षणी साथीत कोणते स्वर वाजत असतात. हे उमगले, की पहिला तुकडा मूळचाच ठेवून त्याला स्वतःचे उत्तर द्यावे. आपल्याकडील सवाल-जवाब याहून निराळा तो काय?

अडचणींपुढे हात टेकणाऱ्यांनी टोनी आयोमी यांचे उदाहरण आठवावे. १९६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅम येथील कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबण्याचाच तो हात! वादन संपले, असे त्यांना वाटले. तेव्हा व्यवस्थापकाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकविली. आगीत भाजल्यामुळे राइनहार्ट यांची दोन बोटे निकामी झाली होती. आयोमींनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या आणि पुढे तारा खालच्या स्वरात सैल जुळविल्या. १९७० मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला संग्रह निघाला. त्यांचा जो जड, गंभीर नाद जगभर अनुकरणीय ठरला, त्याच्या घडणीत या उणिवेचा वाटा मोठा आहे.

तेव्हा पालकहो, शेजाऱ्यांसाठी आवाज अवश्य कमी करावयास लावा, अभ्यासाची वेळही ठरवून द्या. परंतु दार बंद करू नका. तोच तुकडा शंभरदा घोटणारे मूल गोंगाट करीत नसते. ते रियाज करीत असते.