मेंदूतील पाण्याची पिशवी आणि कष्टानंतरचा रक्तस्राव



हंगामात मोळ्या उचलणे, ट्रॉली भरणे अशी अंगमेहनतीची कामे रोजचीच. काम संपल्यावर डोके दुखले तर ‘ऊन लागलं’, ‘पित्त झालं’ असे म्हणून आपण गोळी घेतो. बहुधा ते खरेही असते. पण क्वचित कारण वेगळे निघते. त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

मेंदूवर तीन आवरणे असतात. मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे, म्हणून त्याला अरॅक्नॉइड म्हणतात. काहींच्या या आवरणाचे पदर जन्मतःच सुटे राहून मध्ये स्वच्छ पाणी साठते. हीच अरॅक्नॉइड सिस्ट. ही कर्करोगाची गाठ नव्हे. पट्टकृमीच्या अंड्यांपासून होणारी गाठही नव्हे. शंभरांत एखाद्या-दुसऱ्याला ती असते, पुरुषांत अधिक, आणि बहुधा कानशिलाच्या आत. बहुतेकांना जन्मभर तिचा पत्ताही लागत नाही.

मग धोका कुठे? पिशवीच्या कडेने बारीक शिरा जातात व त्यांना आधार कमी असतो. श्वास कोंडून वजन उचलले की छातीतला दाब वाढतो, डोक्यातले रक्त खाली उतरायला अडते आणि शिरा तटतटतात. त्यात हिसका बसला तर एखादी शीर फुटू शकते. वरून जखम दिसत नाही. बांधाच्या बिळातून पाणी पाझरावे तसे रक्त हळूहळू साठते. म्हणून त्रास काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही सुरू होतो.

पुढील खुणा ध्यानात ठेवा:

१) दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी
२) उलट्या, एकाचे दोन दिसणे
३) गुंगी, बोलण्यात घोटाळा
४) एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, झटका येणे

अशा वेळी, किंवा अचानक असह्य डोके दुखले तर, थांबू नका. थेट दवाखाना गाठा. मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

सी.टी. स्कॅनने निदान होते. लंडनमध्ये 1971 साली रुग्णावर प्रथम वापरलेले हे यंत्र आज आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही आहे. जरूर पडल्यास कवटीला लहान छिद्र पाडून रक्त काढतात. वेळेवर उपचार झाले तर पुष्कळ रुग्ण पूर्ववत कामाला लागतात.

तपासणीत नुसती सिस्ट सापडली तर घाबरू नये. जड कामाबाबत मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तोड चार दिवस लांबली तर उसाचे वजन थोडे घटेल. डोकेदुखी अंगावर काढली तर घरचा कर्ता माणूस जायचा.